दगड की मऊ

उतारावर गादीवाल्याची हातगाडी पुढे होती म्हणून बरं, काचवाल्याची असती तर हे सांगायला मी शिल्लक नसते. आमचे हे मोटरसायकल चालवत होते, मी मागे बसले होते, मांडीवर पडद्याच्या कापडाचं गाठोडं. पुढची हातगाडी थांबली. आम्ही मात्र थांबलो नाही, हळूहळू, अगदी सभ्यपणे जात राहिलो आणि गाद्यांच्या चळतीत तोंड घालून उभे राहिलो. लोक फिदीफिदी हसले. गादीवाला म्हणाला, "मावशी, आता घ्याच एखादी. बसून तर बघितलीत." मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? पण हे हसले नाहीत. हँडलवरच्या आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. चारी बोटं ब्रेकच्या दांडीवर होती, आणि डावा हात मदतीला धावून आला होता.

"केबल ताणून सैल पडलीय," ते म्हणाले.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. पण ह्यांचा उभा जन्म बसच्या वर्कशॉपमध्ये, ब्रेकखात्यात गेलेला. ह्यांच्या गाडीची केबल ताणलेली राहील, यावर माझा काय, गादीवाल्याचाही विश्वास बसला नसता.

त्या ब्रेकखात्याची एक रीत होती. ज्याने ब्रेक दुरुस्त केला त्याने तो पास करायचा नाही. दुसऱ्या कुणीतरी बसायचं, पेडल दाबायचं आणि मोठ्याने एक शब्द सांगायचा. पेडल घट्ट लागलं तर "दगड". पायाखाली दबत गेलं तर "मऊ". तिसरा शब्द नाही. "बरा आहे", "चालून जाईल", "आजच्या दिवस भागेल", असलं बोलणाऱ्याला हे खात्याबाहेर काढायचे. आणि ज्याने "मऊ" म्हटलं, गाडीची किल्ली त्याच्या खिशात. ब्रेक ठीक होऊन तो स्वतः "दगड" म्हणेपर्यंत किल्ली कुणाला मिळायची नाही. एकदा मोठ्या साहेबांना आणायला निघालेली गाडी ह्यांनी अडवून ठेवली, कारण दुसरा माणूस जेवायला गेला होता. साहेब तिकडे ताटकळले, हे इकडे ढिम्म. तेव्हापासून वर्कशॉपमध्ये ह्यांना दगडसाहेब म्हणायला लागले. मी म्हणायचे, नाव बरोबर ठेवलंय, घरी आम्ही फक्त साहेब म्हणत नाही एवढंच.

मोटरसायकल आमच्या लेकीपेक्षा वयाने मोठी. पुढे-मागे जुने ड्रम ब्रेक. नव्या गाड्यांच्या पुढच्या चाकाला ती चकचकीत तबकडी दिसली की हे नाक मुरडायचे. "डिस्क म्हणजे आळशांचा ब्रेक. ड्रम नीट लावून घेतला तर त्याच्या बापाची गरज नाही." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. म्हणून गाद्यांच्या प्रकारानंतर सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, "पुढे डिस्क बसवून घेतो," तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली.

"आळशांचा ब्रेक?"

"दोन बोटांनी लागतो," हे म्हणाले आणि कपात बघत राहिले. कप डाव्या हातात होता.

मी शिंपीण आहे. पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, पडदे, सोफ्याची कव्हरं, जाडजूड कापडं. माणसाचं माप बदललं की ते मला त्याच्याआधी कळतं. ह्यांनी शर्टाला काज-बटणाऐवजी टिचबटणं लावून मागितली तेव्हाच मी समजून चुकले होते. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसत चालला होता. कुलूप डाव्या हाताने, पोळी डाव्या हाताने. डॉक्टरांकडे मीच ओढून नेलं. डॉक्टर भले होते, त्यांनी गोड बोलून फसवलं नाही. म्हणाले, "नस सुकत चाललीय. गेलेली ताकद परत यायची नाही. आहे ती जपा." त्यानंतर त्या हाताचा विषय आमच्या घरात निघाला नाही. आम्ही केबलबद्दल बोलायचो.

गाद्यांची बातमी लेकीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. शेजारीण आहे ना, तिला टपालखात्याने नोकरी द्यायला हवी होती. लेकीचा फोन आला.

"बाबा, आता पुरे. गाडी काढून टाका. हे येऊन घेऊन जातील."

"जावयांना कशाला त्रास? मी नवा ब्रेक बसवतोय."

"ब्रेकचा प्रश्न नाहीये, बाबा."

"ब्रेकचाच आहे. तू सुट्टीला ये. स्वतः दाबून बघ. लागला नाही तर गाडी घेऊन जा, मी हूं की चूं करणार नाही."

लेक म्हणाली, "ठीक. आणि लागला, तर मी परत गाडीचं नाव काढणार नाही." असा सौदा ठरला. ब्रेक लागला तर गाडी राहणार, नाहीतर जाणार.

मला गाडी राहायला हवी होती. शहाण्या बाईने असं म्हणू नये, पण हवी होती. गाडी गेली की हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसेल आणि परत उठणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं. आणि माझा स्वार्थही होता. हे घरात घुमे. विचारलं तेवढंच, तेही निम्मं. पण गाडीवर बसले की तोंड सुटायचं. मी मागे, माझा चेहरा दिसायचा नाही, म्हणून असेल. लेक होणार होती तेव्हा भीती वाटते हे त्यांनी मला गाडीवर सांगितलं. आई गेली तेव्हाचं मनातलं गाडीवर सांगितलं. माझा निम्मा संसार त्या मागच्या सीटवर झालाय.

जुन्या पार्टचं दुकान चालवणारा एक जण आहे, त्याला सगळे स्प्रिंग म्हणतात, कारण तो एका जागी उभा राहत नाही. त्याने कुठल्याशा अपघातातल्या नव्या गाडीचा पुढचा भाग मिळवला. दोन शॉकअप, डिस्कचं चाक, तबकडीला चिमटा घेणारा कॅलिपर, आणि हँडलवर बसणारी ब्रेक ऑइलची छोटी टाकी. घराच्या कडेच्या बोळात गाडीचं पुढचं चाक काढलेलं बघून मला कसंसंच झालं, गुडघे टेकून बसलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती. जड कामं स्प्रिंगने केली, सूचना ह्यांनी दिल्या. "दगडसाहेब, तुम्ही मला शिकवा म्हणजे मी बिघडवायला मोकळा," असं तो म्हणायचा आणि हे खूश व्हायचे. कितीतरी दिवसांनी ह्यांच्या नखांत काळं ग्रीस बघितलं. मी ते पोळपाटाला लागलं म्हणून ओरडले, आणि मनातून मला फार बरं वाटलं.

सगळं जोडून झालं. आता नळीतली हवा काढायची राहिली होती. या ब्रेकमध्ये केबल नसते, ऑइल असतं, आणि ऑइलमध्ये हवा राहिली की दांडी दबते पण चाक थांबत नाही. स्प्रिंग म्हणाला, "चहा उकळेपर्यंत करून देतो."

"हवा मी काढणार," हे म्हणाले.

"साहेब, पण..."

"तू जा. ब्रेकखात्यात मी होतो, तू नव्हतास."

स्प्रिंगने माझ्याकडे बघितलं. त्यालाही हाताचं ठाऊक असावं. मी म्हटलं, "जा बाबा. दगडावर डोकं आपटून काय मिळणार?" तो गेला.

हे काम एकट्याचं नाही. एकाने हँडलवरची दांडी दाबून धरायची, दुसऱ्याने खाली कॅलिपरचा छोटा नट उघडायचा, हवेचे बुडबुडे बाहेर आले की आवळायचा, मगच वरच्याने दांडी सोडायची. नट आवळायच्या आत सोडली, तर गेलेली हवा परत आत. मी स्टूल घेऊन हँडलशी बसले. हे खाली फरशीवर, नटाला पारदर्शक नळी लावलेली, नळीचं टोक लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.

"दाब."

"दाबलं."

"धर... धर... धरून ठेव. हं, सोड."

"लग्न झाल्यापासून तुमचं एवढं ऐकलं नव्हतं मी."

"आता सवय लागेल. दाब."

दुपार अशी गेली. बोळात सावली होती. बरणीत बुडबुडे येत होते, आम्ही दोघं त्यांच्याकडे दूध उतू जाईल का बघतात तसं बघत होतो. मधे एकदा पाना ह्यांच्या हातातून निसटला आणि फरशीवर खणकन पडला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि पुन्हा उजव्यात दिला. मी वर तारेवर बसलेल्या पाखराकडे बघितलं. पाना डाव्यात ठेवा, असं म्हणायला माझी जीभ वळवळत होती. पण आयुष्यभर ज्या हाताने नट आवळले, त्या हाताला मी काय सांगणार?

बुडबुडे थांबल्यासारखे वाटले. हे उठले, गुडघे झटकले, गाडीवर बसले आणि उजव्या हाताने दांडी दाबली. त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, लग्नातल्या फोटोतसुद्धा इतका नाही.

"दगड!" ते म्हणाले. "अगं, दगड! जा, चप्पल बदलून ये. टेकडीपर्यंत जाऊन येऊ."

मी पळतच आत गेले. केस सारखे केले, आरशात स्वतःलाच हसले. वाटलं, राहिली गाडी. लेकीला काय सांगायचं याची वाक्यंही जुळवायला लागले. बाहेर आले तर हे हेल्मेट घालून तयार, किल्ली लावलेली. मी मागे चढायला पाय उचलला, तर म्हणाले, "थांब. दुसऱ्याने दाबलं कुठंय?"

"दुपारभर मीच तर दाबतेय!"

"ते काम झालं. ही तपासणी. ये, दाबून बघ आणि सांग."

त्यांच्या डोळ्यांत गंमत होती. मला वर्कशॉपचा मान देत होते ते. मीही ऐटीत पुढे आले, पदर खोचला आणि दांडी दाबली.

दांडी खाली गेली. जात राहिली, आणि मुठीला जाऊन टेकली.

मी खाली बघितलं. त्या छोट्या नटाच्या कडेने ऑइलचा एक थेंब जमत होता. नट पुरता आवळलाच गेला नव्हता, दुपारभर एकदाही गेला नसेल. जेवढी हवा बाहेर काढली तेवढी तिथूनच आत येत होती. पण मग ह्यांना दगड कसा लागला? आणि मग कळलं. त्यांचा जोर अर्ध्यातच संपत होता. जिथे संपत होता, तिथे त्यांना दगड लागत होता.

"बोल की," हे म्हणाले.

मी काय काय विचार केला ते सांगते. वाटलं, "दगड" म्हणावं, मग पोट दुखतंय म्हणून आजची फेरी टाळावी, आणि स्प्रिंगला गुपचूप बोलावून नट आवळून घ्यावा. ब्रेक चांगला होईल, ह्यांना कळणारही नाही, लेक येईल, दाबून बघेल, सौदा जिंकू. सगळं जमत होतं. फक्त त्यानंतर हे रोज त्या उतारावरून जाणार होते, आणि ब्रेक मऊ असला काय आणि दगड असला काय, त्यांच्या हाताला दोन्ही सारखंच लागणार होतं.

"मऊ," मी म्हटलं.

"काय?"

"मऊ."

"नीट दाब. कात्री चालवणारा हात आहे तुझा, चिमटा नको काढूस."

मी पुन्हा दाबली. दांडी पुन्हा मुठीला टेकली. त्यांनी बघितलं. मग आपला हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आता." मी दाबली. त्यांचा हात माझ्या हाताबरोबर खाली गेला, पार खालपर्यंत. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि एकट्याने दाबून बघितली. दांडी अर्ध्यावर थांबली. त्यापुढे जाईना.

"मला इथेच लागतोय," ते म्हणाले. एवढंच. लहान मुलाने चुकलेलं गणित दाखवावं, तशा आवाजात.

"अहो, नट जरा सैल राहिलाय, एवढंच. स्प्रिंगला बोलावते. चहा उकळेपर्यंत..."

"नट मीच आवळला होता." त्यांनी खाली वाकून डाव्या हाताच्या बोटांनी नट फिरवला. फिरला. ते सावकाश उतरले, हेल्मेट काढलं. गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली.

"असू द्या हो, काय वर्कशॉप आहे का हे?"

"रीत आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी स्प्रिंग आला. त्याने नट आवळला, हवा काढली, आणि मला म्हणाला, "वहिनी, दाबा." मी दोन बोटांनी दाबली. भिंतीला बोट लावल्यासारखं झालं. हे दुकानात माझ्या कापडाच्या घड्या घालत बसले होते. मी जाऊन म्हटलं, "दगड." आणि किल्ली पुढे केली.

"छान झालं," ते म्हणाले. घडी नीट करत राहिले. किल्लीला हात लावला नाही. "गाडी पास झाली. चालवणारा नापास आहे. ठेव तुझ्याकडे."

मी भांडले. अगदी कडाकडा भांडले, की डाव्या हाताला जोर आहे, मागचा ब्रेक पायाचा आहे, हळू चालवा, गल्लीपुरती चालवा. ज्या बाईने "मऊ" म्हटलं तीच वकिली करत होती. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तिसरा शब्द नाही." मग मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

सुट्टी लागली, लेक आली, जावई आले. लेकीने आधी बोळात जाऊन दांडी दाबली. दोन बोटांनी, मग एका बोटाने. तोंडात बोट घालायचं तेवढं राहिलं होतं. "बाबा, काय भारी लागतोय हा! मी हरले. पण मग गाडीवर धूळ का? चालवत का नाही?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. मग मान वर करून, अगदी सहज म्हणाले, "मी तर तयार आहे. तुझ्या आईला विचार. किल्ली तिच्याकडे आहे."

"आई! आता तू सुरू झालीस? एवढं हौसेनं केलंय त्यांनी."

मला राग यायला हवा होता. आलाही, क्षणभर. पण हे माझ्याकडे बघत होते, आणि डाव्या हाताने उजव्या हाताचा अंगठा चोळत होते. लेकीपुढे त्यांना बाप राहायचं होतं, आणि तेवढं मी देऊ शकत होते.

"हो, आहे माझ्याकडे," मी म्हटलं. "देणार नाही. एकदा गाद्यांवर पडले तेवढं पुरे."

"हट्टी आहेस तू," लेक म्हणाली. जावयांनी "जाऊ दे ना" केलं. दोन दिवस लेक माझ्याशी घुश्शात होती आणि बापाचे लाड करत होती. जाताना त्यांना म्हणाली, "बाबा, आईशी वाद घालू नका, मी समजावते तिला फोनवर." हे म्हणाले, "समजाव, पण ती कुणाचं ऐकत नाही."

ती गेली. हे बोळात गेले ते बराच वेळ आत आले नाहीत. जाऊन बघते तर स्टँडवर उभ्या गाडीवर बसलेले, दोन्ही हात हँडलवर. मी पाय टाकला आणि मागे बसले. मग त्यांचं तोंड सुटलं.

"मला वाटलं होतं, तू दगड म्हणशील."

"म्हणणार होते."

"मग?"

"मागे मीच बसणार होते ना."

ते हसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि थांबेनात, आणि मला कळलं की आता ते हसत नाहीयेत. मी त्यांच्या पाठीला डोकं टेकवलं आणि मीही रडून घेतलं. गाडी स्टँडवर होती, पडायची भीती नव्हती.